मध्यंतरापर्यंतची आई

“घर वाटायचं तर वाटा,” अक्का म्हणाल्या आणि थांबल्या.

जेवणाच्या टेबलाभोवती बसलेले तिन्ही मुलगे, म्हणजे मुलग्यांची कामं करणारे नट, माना खाली घालून वाट बघत राहिले. थोरल्याने तर घास तोंडातच धरून ठेवला होता. पुढचं वाक्य होतं, ‘पण मला कुणाच्या वाट्याला घालू नका.’ सकाळपासून ऐकून ऐकून ते सगळ्या युनिटचं पाठ झालं होतं. ज्यांनी म्हणायचं त्यांना तेवढं ते येत नव्हतं.

“मास्तर, पुढे काय हो?” अक्कांनी विचारलं. विचारताना त्या हसल्या, पण हात टेबलक्लॉथची कड चुरगळत होता.

“राहू दे आता. चहा घेऊ,” मास्तर म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून खुर्चीतून उठले.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. नटांना प्रसंग असा समजावून सांगायचे, की जणू फळ्यावर गणित सोडवतायत. तरुणपणीच कुणीतरी हे नाव चिकटवलं आणि पोस्टरवरच्या नावापेक्षा तेच जास्त टिकलं. त्यांचे सिनेमे कौटुंबिक. आधी घर फुटायचं, मग सांधायचं. पहिला सिनेमा मात्र तसा नव्हता. तो एका दीपगृहाच्या रखवालदारावर होता आणि तो बघायला थिएटरातले पंखे आणि डोअरकीपर तेवढे हजर होते. तेव्हाचे त्यांचे निर्माते, थोरले मालक, म्हणाले, “मास्तर, समुद्र कुणाच्या घरात असतो? घरातलं दाखवा. सासू दाखवा.” मास्तरांनी सासू दाखवली आणि मग तिच्यातून त्यांची जन्मभर सुटका झाली नाही. समीक्षक त्यांना ‘ओल्या रुमालाचे दिग्दर्शक’ म्हणायचे. आधी ते लागायचं, मग अंगवळणी पडलं. आता तर तसं म्हणणारंही कुणी उरलं नव्हतं.

अक्का दुसऱ्या सिनेमापासून त्यांच्याबरोबर होत्या. आधी धाकटी सून झाल्या, मग थोरली, मग आई. खऱ्या आयुष्यात त्यांनी लग्न केलं नाही. भावाची मुलगी तेवढी वाढवली. तरी बाजारात बायका त्यांना अडवून आपापल्या सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या, आणि अक्का भाजीची पिशवी खाली ठेवून सगळं ऐकून घ्यायच्या.

चहा होईतो धाकट्या मालकांनी मास्तरांना पडद्याआड बोलावून घेतलं. थोरले मालक गेल्यापासून त्यांचा हा मुलगा निर्माता होता. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता.

“मास्तर, लहानपणी मी सेटवर अक्कांच्या मांडीवर झोपलोय. मला काय बरं वाटतं का? पण असं किती दिवस चालायचं?”

“दुसरी आई आता घेता यायची नाही. अर्धा सिनेमा झालाय.”

“दुसरी कशाला? आईला मध्यंतराला मारा. लोक रडतील, आपलाही प्रश्न सुटेल.”

“माझ्या सिनेमात आई मरत नाही.”

“अहो, खऱ्या आयुष्यात मरते की!”

“म्हणून तर लोक माझ्याकडे येतात,” मास्तर म्हणाले. त्यांना भांडायचं नव्हतं. भांडायला जो दम लागतो तो आता जिने चढण्यातच खर्च व्हायचा.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. सुरुवातीच्या सिनेमांत कपडेपट तीच सांभाळायची. अक्कांच्या सगळ्या साड्यांना तिनेच इस्त्री केलेली.

“तिला कळतंय का हे?” तिने विचारलं.

“कुणास ठाऊक. भाची म्हणते, सकाळी बरी असते.”

“नाटकात विंगेतून वाक्यं सांगायचे तसं सांगा.”

“सिनेमात विंग कुठली गं?”

“टेबल आहे ना?”

ती थट्टा करतेय का, हे बघायला मास्तरांनी मान वर केली. ती कपाटातून एक जुनी उशी काढून त्यांच्या पिशवीत कोंबत होती. “गुडघ्यांखाली घ्या. नाहीतर तुम्हाला उचलायला चार माणसं लागतील.”

दुसऱ्या दिवशी टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत खाली ओढला आणि मास्तर टेबलाखाली शिरले. शिडीवरून दिवेवाला म्हणाला, “मास्तर, तिथे दिवा देऊ का?” सगळे हसले. ध्वनिमुद्रकाने तक्रार केली, की कुजबूज माइकमध्ये येईल. “नंतर पुसा,” टेबलाखालून आवाज आला.

कॅमेरा सुरू झाला. मास्तर एकेक वाक्य सांगत गेले. वर अक्का ते उचलत गेल्या. शब्द कानात पडून तोंडावाटे निघेपर्यंत मध्ये थोडा वेळ जायचा, आणि त्या वेळात असं वाटायचं की बाईला बोलणं जड जातंय, तरी ती बोलतेय. मास्तरांना वरचं काहीच दिसत नव्हतं. समोर तिन्ही मुलग्यांचे बूट होते आणि अक्कांची पावलं, एकावर एक ठेवलेली. तरी त्यांना कळलं की प्रसंग चांगला होतोय. सेटवर कुणी खोकत नव्हतं.

आणि नेमका तेव्हा त्यांच्या पोटरीत गोळा आला. त्यांनी पाय झाडला, टेबल हललं, ताटल्या वाजल्या. अक्कांनी वाकून टेबलक्लॉथ उचलला.

“अहो मास्तर, तिथे काय करताय?”

“तुम्हाला वाक्यं सांगतोय, अक्का.”

“सांगायचंय तर वर येऊन सांगा ना. या वयात लपंडाव कसला?”

मोठा हशा पिकला. मुलग्यांनी हाताला धरून मास्तरांना बाहेर काढलं. अक्कांनी त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि पदराने त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकली. मास्तरही हसत होते. मग त्यांचं लक्ष अक्कांच्या चेहऱ्याकडे गेलं. त्या हसत नव्हत्या.

“जरा मेकअपच्या खोलीत या,” त्या हळूच म्हणाल्या.

खोलीत आरशासमोर बसून अक्कांनी चष्मा काढला. “मालक मला मारा म्हणतात ना?”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“मेकअपवाली. माझ्या लक्षात राहत नाही म्हणून लोक माझ्यासमोर वाट्टेल ते बोलतात हो.” त्या थांबल्या. “मारा मला, मास्तर.”

“अक्का, उगाच काहीतरी...”

“उगाच नाही. मरायचं काम सोपं. पाठ करावं लागत नाही.” आपल्याच बोलण्यावर त्यांना हसू आलं, आणि ते लगेच विरलं. “परवा मी भाचीला विचारलं, बाई, तू कुणाची? ती आत जाऊन रडली. ती रडली हे मला कळलं, का रडली ते संध्याकाळी कळलं. आज मी आहे. उद्याचं सांगवत नाही. शेवटचं काम मला कळत असताना होऊ दे. नाहीतर तुम्ही माझे तुकडे जोडून काहीतरी उभं कराल, आणि ती बाई मी नसेन.”

मास्तरांनी मेकअपच्या डब्यांची झाकणं एकेक करून लावली.

“मला तो प्रसंग घेता येणार नाही,” ते शेवटी म्हणाले. “कधी घेतलाच नाही.”

“मग फार समजावू नका,” अक्का म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा परत घातला.

दुपारी शेजारच्या सेटवर पलंग मांडला. सेटच्या खिडकीबाहेर कापडावर रंगवलेलं आकाश होतं आणि त्यामागे संध्याकाळचा उजेड पाडणारा दिवा. धाकटे मालक म्हणाले, “मुलगे पलंगाशी रडताना हवेत, बाहेर वादळ हवं.” एरवी मास्तरांनी हेच केलं असतं. आज त्यांनी मुलग्यांना घरी पाठवलं आणि वादळाचा पंखाही बंद ठेवायला लावला.

“मुलगे कुठे गेले?” पलंगावर बसत अक्कांनी विचारलं.

“कामावर.”

“बरोबर. असंच असतं.”

“डोकं टेकायचं, खिडकीकडे बघायचं, आणि मग डोळे मिटायचे. बस.”

अक्का आडव्या झाल्या. कॅमेरा फिरू लागला. त्यांनी खिडकीकडे बघितलं. पायाशी चादरीची घडी विस्कटली होती ती पायानेच सारखी केली. मग उशाजवळचा पाण्याचा पेला जरा आत सरकवला, कुणाचा धक्का लागायला नको म्हणून. हे कुणीच त्यांना सांगितलेलं नव्हतं. नंतर त्यांनी डोळे मिटले.

कॅमेरामन मास्तरांकडे बघत होता. मास्तरांनी कॅमेरा चालूच राहू दिला. मग नुसता हात वर केला, आणि कॅमेरा थांबला.

अक्का उठल्या नाहीत. दारात उभी असलेली भाची घाबरून पुढे आली, तिच्यामागून मास्तर. दोघं वाकले. अक्कांचा श्वास संथ चालला होता आणि नाकातून बारीक घरघर येत होती. गाढ झोप लागली होती.

“झोपू दे,” भाची कुजबुजली. “हल्ली झोपच नाही हो आत्याला. सारखी उठून बघते, कुठल्या घरात आहोत.”

सेट त्याच संध्याकाळी मोडायचा होता. सुतार हातोडे घेऊन दाराशी थांबले होते. मास्तरांनी धाकट्या मालकांकडे बघितलं. मालकांनी पलंगाकडे बघितलं. मग त्यांनीच सुतारांना बाहेर नेलं.

युनिटने चपला काढून हातात घेतल्या आणि सामान उचललं. एरवी वस्तू आदळल्याशिवाय ज्यांना चैन पडायचं नाही ती माणसं आज लोखंडी स्टँड दोघादोघांनी धरून काचेसारखे नेत होती. धाकटे मालक परत आले आणि जमिनीवरची वायर स्वतः गुंडाळत बसले.

मास्तरांनी पलंगाशेजारी खुर्ची ओढून घेतली. शिडीवरच्या दिवेवाल्याने खिडकीमागच्या दिव्याकडे बोट करून, हाही काढू का, असं खुणेने विचारलं.

मास्तरांनी मान हलवून नको म्हटलं. मग त्यांनी आपली शाल काढली आणि अक्कांच्या पायांवर पांघरली.