कांद्याने पुसलेलं नाव

पापा-लुकासचं पत्र येऊन वसंत सरत आला, तरी आंथिमोस मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र काही अवघड नव्हतं. कारिदिया गावच्या त्या पाद्र्याने चारच वाक्यं लिहिली होती: ‘मास्तर, तुमच्या चुलतबहिणीने डोंगरावरच्या चर्चमधल्या बाईंचं नाव पुसून टाकलं. त्या बाई नेमक्या कोण, ते कागदावर लिहून कळवा. नाव नाही तोवर दिवा नाही. किल्ली मी काढून घेतली आहे.’

झालं होतं ते असं. ही चुलतबहीण एवांथिया दरवर्षी जत्रेच्या आधी त्या संतीणबाईंचं चित्र असलेल्या जुन्या फळीवरची काजळी अर्ध्या कांद्याने पुसून काढायची. तिची आई तसंच करायची, आजीही. या वेळी काजळी गेली, आणि तिच्याबरोबर खांद्याजवळची तांबडी अक्षरंही गेली. चेहरा राहिला, हातातला क्रूस राहिला, नाव तेवढं गेलं. आणि नाव नसलं की ती नुसती रंगवलेली फळी. तिच्यावर ओठ टेकवायचे ते कुणाच्या म्हणून? पणजीपासून घरात असलेली चर्चची किल्ली एवांथियाच्या कमरेची गेली. भट्टीवर पाव आणायला गेली की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या.

मास्तरांनाच विचारण्याचं कारण होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते मितिलिनी शहरात योर्दानिस चित्रकाराकडे बसत. संतांची चित्रं योर्दानिस लिहायचा (काढायचा नव्हे, तिथे लिहितातच), आणि नावं मास्तर घालायचे. योर्दानिसचा हात देवाचा होता, पण शुद्धलेखन सैतानाचं.

गाव त्या बाईंना पारास्केवी म्हणायचं. डोळे बरे करणारी, शुक्रवारच्या नावाची संतीण. पण मास्तरांना आठवत होता तो लहानपणी आईच्या कडेवरून पाहिलेला तांबडा शालू. त्यांच्या पुस्तकांत पारास्केवीचं वस्त्र काळसर होतं. तांबडं असायचं ते मारिना या दुसऱ्या संतिणीचं. मारिना लिहावं, तर सगळं गाव पिढ्यान्‌पिढ्या भलत्याच बाईंना हाका मारत आलं, असं होणार. पारास्केवी लिहावं, तर पुस्तकांना तोंड कसं दाखवायचं? आणि आपण तरी कोण लागून गेलो, संतांची नावं ठरवणारे? कागद फाटत राहिले. शेवटी एका सकाळी ते पत्र लिहायला म्हणून बसले आणि उठून बसमध्ये जाऊन बसले.

एवांथिया अंगणात शेंगा सोलत होती.

“दादा! टपालखातं बुडालं का? उत्तर स्वतः घेऊन आलास?”

“उत्तर नाही आणलं, एवांथिया. बघायला आलो.”

“बघ बाबा. तुला बघू देतील. मी खिडकीतून डोकावले तरी शेजारची मेल्पो ओरडते, आता काय चेहराही पुसणार का म्हणून.” तिने हसत साखरेत मुरवलेला कोवळा अक्रोड त्यांच्यापुढे ठेवला. पण तिचा हात सवयीने कमरेशी गेला, आणि तिथे काहीच नव्हतं.

पापा-लुकासने दार उघडून दिलं. “बघा निवांत. तोंडी सांगाल की टपालानेच?”

“टपालानेच,” मास्तर पुटपुटले. कुणी समोर उभं राहिलं की त्यांचे शब्द उंदरांसारखे बिळात पळत.

आत मेण आणि जुन्या लाकडाचा वास होता. फळीपाशी चांदीच्या पत्र्याचे डोळे दोऱ्याला टांगलेले होते, गावकऱ्यांनी नवसाचे वाहिलेले. वाऱ्याने ते हळूच फिरायचे आणि भिंतीवरून उजेडाचे थेंब चालत जायचे. फळीवरचा शालू विटून ना तांबडा राहिला होता ना काळा. मास्तर बाकावर टेकले. दुपार जड होती. कधी डोळा लागला ते त्यांना कळलं नाही.

दार उघडंच होतं, आणि बायका आत येत होत्या. ओच्यात कांदे. एक पुसायची, हसायची, बाजूला व्हायची. मग दुसरी. कुणाच्या डोक्याला आईसारखा रुमाल, कुणाचा त्याहून जुन्या तऱ्हेचा. फळीतल्या बाई निमूट तोंड पुसून घेत होत्या, आंघोळ घालून घेणाऱ्या लेकरासारख्या. प्रत्येक बाईच्या मागे एकेक पुरुष अंग चोरून उभा होता, हातात कुंचला.

जाग आली तेव्हा उजेड खिडकीतून आडवा येऊन फळीला चाटून जात होता. आणि जिथे काही नव्हतं, तिथे काहीतरी होतं. रंग गेला होता, पण त्याने धरलेली जागा किंचित उंच राहिली होती. मास्तरांनी चष्मा पुसला. दोन उभ्या रेघा. त्यांवर आडवी तुळई असेल तर तिथल्या लिपीतलं पारास्केवीचं पहिलं अक्षर, मध्ये घळ असेल तर मारिनाचं. वरचा भाग झिजून सपाट झाला होता. काहीच ठरेना.

पण त्या दोन रेघांवर आणखी दोन होत्या, जराशा कललेल्या. आणि त्यांवर पुन्हा तिसऱ्या हाताच्या, जाड, एका जागी थरथरलेल्या. तिथे कुणीतरी थांबलं होतं, घाबरलं होतं, आणि मग पुढे लिहिलं होतं.

मास्तर त्या थरथरीकडे बराच वेळ बघत राहिले. अगदी ओळखीची होती ती, पत्राचे कागद फाडताना त्यांच्याच हाताला असायची तशी.

बाहेर एवांथिया पायरीवर बसली होती. “काय रे दादा? कोण आहेत त्या?”

“तू काय म्हणून हाक मारतेस?”

“मी? बाई गं म्हणते. नाव घेऊन कोण हाक मारतं घरच्या माणसाला? पण लिहायचं तर पारास्केवीच लिही. माझ्या आईचे डोळे तिनेच सांभाळले.”

मितिलिनीला परतल्यावर मास्तर कोट न काढताच मेजाशी बसले.

‘पापा-लुकास यांस. फळीवर मुळात कोण होतं, ते मला ठाऊक नाही, आणि कुणाला कळेलसं वाटत नाही. नाव याआधीही पुसलं गेलं आहे आणि गावाने ते पुन्हा लिहून घेतलं आहे, एकापेक्षा अधिक वेळा. एवांथियाने तिच्या आधीच्या बायकांनी केलं तेच केलं. तो दोष नव्हे, सेवा आहे. गाव जिला पारास्केवी म्हणतं, ती पारास्केवी. नाव लिहायला मी जत्रेआधी येतो. हात थरथरेल, चालवून घ्या. किल्ली आज तिला द्या.’

वाचून पाहिलं तर दुसऱ्या वाक्यापाशीच फाडावंसं वाटणार, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी वाचलंच नाही. कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीपाशी ते जरा उभे राहिले. मागे एक बाई पाकीट घेऊन आली आणि म्हणाली, “टाकताय ना, आजोबा?”

“हो हो,” म्हणत त्यांनी टाकलं.