मास्तरच्या हातचा कागद

बोरवडला शाळा आहे असं गावातले लोक अभिमानाने सांगत, पण ती शाळा म्हणजे भगवंतराव पाटलांचं कापसाचं कोठार होतं. अर्ध्यात कापूस, अर्ध्यात पोरं. त्या वर्षांत सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती. ती कोणाकोणाची आणि कशापायी, हे गावात एकालाही सांगता आलं नसतं. पण तिच्यामुळे आपल्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आलाय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाटलांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. मग शेजारच्या गावात शाळा निघाली म्हणून त्यांनीही शाळा काढली.

मास्तर आणला अमरावतीहून. सहदेव त्याचं नाव, जातीचा माळी, वय बाविसाच्या आतबाहेर. ब्राह्मण असता तर गावाने त्याला पंतोजी म्हटलं असतं. माळ्याच्या पोराला कसलं पंतोजी म्हणायचं, म्हणून नुसतं मास्तर. त्याचा बाप अमरावतीला पंतोजींच्या घरी रोज वांगी-मेथी पोचवायचा, आणि त्या भाजीच्या भिडेने सहदेवला शिकायला मिळालं होतं. पण ओसरीवर नव्हे, ओसरीच्या पायरीवर. उन्हाळ्यात पायरी तापायची, पावसाळ्यात पागोळ्या मानेवर पडायच्या. सहा वर्षं त्या दगडावर बसून त्याने मोडी घोटली आणि मनाशी एक गोष्ट पक्की केली: आपली शाळा झाली की तिच्यात पायरीवर कोणी बसणार नाही.

बिचारा! पक्कं करताना माणसाला काहीच खर्च येत नाही.

शाळा सुरू होऊन महिना झाला नाही तोच महारवाड्यातली तानुबाई कोठाराच्या मागच्या बाजूला येऊन उभी राहिली. बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी, शकुन.

"मास्तर, हिले वाचाले शिकवा," ती म्हणाली.

"मुलगी आहे ना?"

"मंग? मले पोरगं नाई. हेच हाय."

सहदेवने विचारलं, शिकून काय करायचं आहे? तेव्हा तानुबाईने जे सांगितलं ते त्याला जन्मभर पुरलं. तिचा नवरा नत्थू गावचा महार. गावचे सरकारी कागद अकोल्याच्या कचेरीत पोचवायचं काम त्याचं, त्याच्या बापाचं, आज्याचं. त्या चाकरीबद्दल ओढ्याकाठी त्यांना हाडोळ्याची जमीन होती, तेवढंच काय ते त्यांचं वावर. दोन वर्षांमागे पाटलांनी त्याच्याजवळ एक कागद दिला. नत्थूने तो नेहमीसारखा छातीशी धरून नेला, पावसाचे चार थेंब आले तर पटक्यात गुंडाळला, आणि कचेरीत देऊन आला. महिनाभराने पाटलांचे गडी ओढ्याकाठी नांगर घेऊन आले, तेव्हा त्याला कळलं. त्या कागदात लिहिलं होतं की नत्थू महार चाकरी नीट करत नाही, सबब त्याचा हाडोळा काढून घ्यावा.

"सोताच्या हातानं देऊन आला, मास्तर," तानुबाई म्हणाली. "सोताचं वावर! आता थितं पाटलाच्या कापसाची पऱ्हाटी हाय. मीच वेचाले जातो. हिले बाकी कायी नका शिकवू. कचेरीतले कागद वाचता आले म्हंजे झालं."

सहदेवला आपली पायरी आठवली. पण हेही खरं की त्याने लगेच कोठाराकडे वळून पाहिलं, आत कोणी ऐकत तर नाही ना म्हणून.

तिला आत बसवणं शक्य नव्हतं. पाटलांनी पहिल्याच दिवशी तसं बजावलं होतं. तानुबाईच्या हातांनी वेचलेला कापूस त्याच कोठारात छपरापर्यंत रचलेला होता, त्याला कोणाचा विटाळ झाला नव्हता. विटाळ होणार होता तो तिच्या पोरीच्या अक्षरांचा. तेव्हा सहदेवने वाट काढली. कोठाराच्या मागे कुडाच्या भिंतीला लागून जनावरांच्या चाऱ्याची पडवी होती. शकुन तिथे बसेल, कुडातून ऐकेल, आणि पोरं घरी गेली की तो तिची पाटी बघेल.

"हे थोड्या दिवसांचं," त्याने तानुबाईला सांगितलं. "तपासणी होऊन शाळेला मंजुरी आली की ही शाळा सरकारची. मग पाटलांचं चालायचं नाही. त्या दिवशी हिला मी हाताला धरून आत बसवीन. माझा शब्द."

तानुबाईने तो शब्द पदराच्या गाठीला बांधून ठेवला.

तेव्हा पोरं धूळपाटीवर लिहीत. फळीवर बारीक माती पसरायची आणि बोटाने अक्षरं काढायची. भरली की हलवून पुन्हा कोरी. जो तो आपली माती आपल्या घरून आणी. शकुन आपली माती चिंधीच्या पुरचुंडीत आणायची, ओढ्याकाठच्या त्या वावराच्या बांधावरची. कागद सारे मोडीत असतात म्हणून सहदेवने तिला बाळबोध बाजूला ठेवून आधी मोडी शिकवली. मोडीचं एक आहे, जितके हात तितकी तिची वळणं. एकाने लिहिलेलं अक्षर दुसऱ्याला लागेलच असं नाही. शकुनने दुसरा हात कधी पाहिलाच नव्हता. मास्तरच्या अक्षराचा प्रत्येक आकडा, प्रत्येक झोका तिच्या बोटात उतरला, आणि वर्षाच्या आत अशी गत झाली की सहदेवलाही कळेना, हे आपण लिहिलंय की तिने.

एवढं सुख त्या माणसाला दुसऱ्या कशाने झालं नव्हतं. आत पाटलांचा उत्तम तीन-तीनदा सांगूनही अडखळायचा, आणि बाहेर चाऱ्यात बसलेली पोरगी एकदा ऐकून लिहायची.

कार्तिकात, वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवून बायकांनी वेचणी सुरू केली, आणि त्याच आठवड्यात अकोल्याहून तपासणीचे रावसाहेब आले. कोठार सारवलं, पोरांना आंघोळी घातल्या. पाटील नवा फेटा बांधून रावसाहेबांच्या शेजारी बसले. त्यांनी आदल्या दिवशीच मास्तरला सांगून ठेवलं होतं, "माह्या उत्तमचं नाव निंगालं पायजे, मास्तर. मी शाळेच्या इमारतीले वावर देऊन राहिलो."

रावसाहेबांनी एक ओळ सांगितली आणि पोरं लिहू लागली. मौजे बोरवड, जिल्हा अकोला, असलं काहीतरी. सहदेवचा जीव आत ठरेना. पाणी आणायच्या मिषाने तो मागे गेला. शकुनने ती ओळ केव्हाच लिहून ठेवली होती. त्याने तिची पाटी उचलली, माती हलू न देता आत आणली आणि बाकीच्या पाट्यांच्या रांगेत ठेवून दिली. का ठेवली? अभिमान, दुसरं काय! आपलं सोनं कोणाला तरी दाखवावंसं वाटलं.

रावसाहेब एकेक पाटी पाहत आले आणि तिथे थांबले.

"वा! हा हात कोणाचा?"

पाटलांनी सहदेवकडे पाहिलं. सहदेवने कुडाच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे ती कान लावून बसली आहे, हे त्याला ठाऊक होतं. नाव सांगितलं तर पाटील उठून जातील, वावर जाईल, मंजुरी जाईल, मग कसली शाळा आणि कसली शकुन? आज एवढं एक खोटं बोललो तर उद्या तिला आत बसवता येईल. हा सगळा हिशेब त्याने एका श्वासात केला आणि म्हणाला,

"उत्तमचा. पाटलांचा मुलगा."

"शाबास!" म्हणत रावसाहेबांनी पाटी उचलून उजेडाकडे तिरपी केली. माती घसरून त्यांच्या पायाशी पडली आणि फळी कोरी झाली.

जाताना रावसाहेब सांगून गेले, की शाळेची हकीकत लिहून आठ दिवसांत कचेरीत पोचवा, ती पाहून मंजुरी देऊ. गावचे कागद लिहिणारे कुळकर्णी कापसाच्या सौद्यासाठी अमरावतीला जाऊन बसले होते, तेव्हा लिहायचं काम सहदेवकडेच आलं. पाटील सांगत गेले, तो लिहीत गेला. मुलगे इतके. पाटलांचा मुलगा उत्तम याचं अक्षर सर्वांत सुरेख. महारमांगांपैकी कोणाचं मूल शाळेत येत नाही, कोणी शिकायची इच्छाही दाखवलेली नाही. इमारतीसाठी पाटलांनी ओढ्याकाठचं आपल्या मालकीचं वावर दिलं आहे. लिहून झालं, तेव्हा पाटलांनी खाली नांगराची निशाणी काढली. पाटलांची सही तीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद न्यायला तानुबाई आली. नत्थू हिवतापाने अंथरुणाला खिळला होता, म्हणून चाकरी ती करत होती, आणि सोबतीला शकुन. पाटील ओट्यावर होते. सहदेवने घडी घातलेला कागद सुताने बांधला आणि वरून तानुबाईच्या पदरात टाकला. टाकला. वर्षभर पोरीची पाटी हाताने उचलणाऱ्या मास्तरने त्या दिवशी चार लोकांसारखा वरून टाकला. तपासणीच्या दिवसापासून शकुन पडवीत आली नव्हती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि त्यालाही ते बरंच वाटलं.

कागदाला लाखेची मोहोर लावायची पद्धत गावात नव्हती. नेणाऱ्याला वाचता येत नाही, याच्याइतकी पक्की लाख कोणती?

शाळा भरली. सहदेवने उत्तमला आपल्या हातचा एक जुना कागद वाचायला दिला. उत्तमने तो उलटा धरला, सुलटा धरला आणि कंटाळून म्हणाला, "मास्तर, तुमची मोडी मले लागतच नाई. कोनाले लागते हे?"

कोणाला लागतं ते त्याला ठाऊक होतं. साऱ्या वऱ्हाडात त्याचा हात अडखळल्याशिवाय वाचणारं एकच माणूस होतं, आणि त्याच माणसाबरोबर त्याने तो कागद आज धाडला होता.

पोरांना तसंच सोडून, धोतर खोचून तो अकोल्याच्या वाटेला धावला. कापसाच्या गाड्यांनी वाट फुफाट्याची झाली होती. दोन कोसांवर एका बाभळीखाली त्या दोघी दिसल्या. सूत सोडलेलं होतं. कागद शकुनच्या मांडीवर उघडा होता आणि ती आईला वाचून दाखवत होती.

तो आला तरी ती थांबली नाही. "'...कोणी शिकायची इच्छाही दाखवलेली नाही. इमारतीसाठी पाटलांनी ओढ्याकाठचं आपल्या मालकीचं वावर...'" एकही अक्षर चुकलं नाही. सहदेवच्या उभ्या मास्तरकीत इतकं स्वच्छ वाचन त्याने कोणाचं ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकताना आपण मेलो असतो तर बरं, असं त्याला वाटलं.

"इकडे दे," तो धापा टाकत म्हणाला. "फाडून टाकतो. दुसरा लिहितो."

तानुबाई शांत होती. तिने आरडाओरड केली असती तर त्याला सोसलं असतं.

"मास्तर, पाटलाले वाचता येते काय?"

"नाही."

"कुळकर्नी गावात व्हता काय?"

"नाही."

"मंग तुमी खरं काहून नाई लिवलं? तुमी काय लिवलं थे कोनाले समजनार व्हतं?"

खरंच, कोणाला समजणार होतं! पाटील फक्त बोलले होते. लिहिणारा हात सहदेवचा एकट्याचा होता. पायरीवर सहा वर्षं बसलेल्या माणसाला दार उघडायला मिळालं, तेव्हा त्याने आपण होऊन ते लावून घेतलं, आणि भीतीपायी त्याला ते कळलंही नाही.

"चुकलो," तो म्हणाला. "द्या तो कागद."

"आता कसा देऊ? पाटलानं गावासमोर दिलेला हाय. नाई पोचला तं हिच्या बापाची पाठ फोडतीन, खोपटंबी जाईन." तिने शकुनला खूण केली. पोरीने जुन्या घड्यांवर कागद पुन्हा दुमडला आणि सूत बांधलं. "लिवनं तुमचं काम, मास्तर. पोचवनं आमचं. तवा हिच्या बापानं नेला थो न समजता नेला. आता मी समजून नेतो. शिकल्याचा एवढाच फरक पडला."

"तानुबाई, मंजुरी येऊ द्या. मी शब्द दिलाय—"

"राहू द्या," ती म्हणाली, आणि कागद छातीशी धरून चालू लागली.

शकुन क्षणभर मागे राहिली. तिने कमरेची पुरचुंडी सोडली आणि त्याच्या पुढ्यात धरली. वरून टाकली नाही, सरळ हातात दिली.

"शाळा आता थितंच होनार नं, मास्तर? ही माती थितलीच हाय. टाकून देजा."

मग तिने पळत जाऊन आईला गाठलं. मागून पाटलांच्याच कापसाच्या गाड्या येत होत्या, चांदीच्या शेंब्या उन्हात चमकत होत्या, आणि गाड्यांना वाट द्यायला त्या मायलेकी वाटेखाली उतरून उभ्या राहिल्या. गाड्या गेल्यावर पुन्हा वर येऊन चालू लागल्या. सहदेव पुरचुंडी घेऊन बोरवडला परत आला. पोरं अजून बसलेली होती, आणि त्याने त्यांना पुढचा धडा दिला.