शिवण तेवढी तिची

"उद्या रस्ता नाही. उद्या बूट," साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले.

रोलरवाल्याला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. रोडरोलरच्या धडधडीत उभं आयुष्य गेल्यामुळे त्याचे कान तसेही अर्धेच उरले होते. त्याच्याशी बोलताना माणसं आपोआप आवाज चढवत. साहेबांनीही चढवला.

"बूट हो, बूट! नकली बूट. धाडीत पकडलेत ना, ते सगळे मैदानात ओतायचे आणि तुम्ही वरून रोलर फिरवायचा. मंत्री येणार, परदेशी पाहुणे येणार, टीव्हीवाले येणार. धुतलेला शर्ट घालून या."

साहेब म्हणजे नगरपालिकेच्या रस्ते विभागातले इंजिनिअर. वयाने त्याच्या मुलाएवढे, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. एका मोठ्या देशाशी व्यापाराचा करार व्हायचा होता. करार झाला की आपला माल तिकडे कमी करात जाणार होता. पण तिकडच्यांची अट होती: आमच्या कंपन्यांच्या नकला आधी बंद करा, मग सही. म्हणून कायदा कडक झाला, नवं पथक नेमलं गेलं, धाडी पडल्या. आता हे सगळं पाहुण्यांच्या डोळ्यांना दिसायला हवं होतं.

"दुसऱ्या कोणाला पाठवलं तर नाही का चालणार, साहेब?"

"दुसरा रोलर खोलून पडलाय. तुम्हाला काय अडचण आहे?"

ते बूट रोलरवाल्याच्या बायकोने शिवले होते, हे साहेबांना कसं सांगायचं ते त्याला कळेना.

कारखाना त्यांच्याच गल्लीच्या टोकाला होता, एका बंद छापखान्याच्या तळघरात. बायको लग्न झालं त्याच साली तिथे लागली. तेव्हा मालक स्वतःच्या नावाने बूट करायचा. बूट चांगले होते, पण दुकानदार ते हातात घेऊन उलटसुलट करत आणि परत ठेवून देत. मग एकदा मालकाने बुटाच्या बाजूला एका परदेशी कंपनीचं चिन्ह, उडता मासा, शिवून पाहिलं. तेच चामडं, तोच दोरा, त्याच बायका; पण आता माल पुरेनासा झाला. तेव्हापासून ती मासा शिवत होती. त्या मशीनवर मुलाचं शिक्षण झालं, घरावर पक्कं छप्पर आलं. हे कायद्यात बसत नाही हे कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण रोजच्या कामाबद्दल माणूस रोज थोडाच विचार करतो!

धाड पडली त्या दिवशी पथकाने मशीनांना सील ठोकलं आणि मालकाला गाडीत बसवलं. बायकांना भिंतीशी उभं केलं आणि मग घरी जा म्हणून सांगितलं. ती घरी आली, अंगावरचा एप्रन काढून खुंटीला लावला, आणि तेव्हापासून ना रडली, ना कोणाला शिव्या दिल्या. घरातलं सगळं उरकायची आणि खिडकीशी बसायची. कोणी सांभाळायला दिलेली वस्तू ठेवावी तसे दोन्ही हात मांडीवर ठेवून. तो कामावरून आला की ती उठायची. तो जेवला की परत बसायची.

साहेबांनी रोलरचं सांगितलं त्या संध्याकाळी तो हातपाय धुऊन बसला. बातम्या चालू होत्या.

"मैदानात चुरा करणार आहेत म्हणे," ती टीव्हीकडे बघतच म्हणाली.

"हं."

"रोलर कोणाचा?"

तो टॉवेलने पुन्हा पाय पुसायला लागला. तिने मान वळवून एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"तुमचाच."

"मी साहेबांना म्हटलं, दुसरा कोणी बघा."

"कशाला म्हटलंत? तुम्ही नाही तर दुसरा फिरवेल. बूट काय वाचणार आहेत?" मग ती म्हणाली, "मासा आपला नव्हताच. ते म्हणतात ते खरं आहे. शिवण तेवढी माझी होती."

"सांगू का, बरं नाही म्हणून?"

"रिटायर व्हायला आलात आणि आता दुखणं काढताय? चहा टाकू?"

त्याने हो म्हटलं. चहा झाला, तोही तो प्यायला, पण त्यात साखर होती की नव्हती हे त्याला सांगता आलं नसतं.

सकाळी तो निघाला तेव्हा तीही चपला घालून दारात उभी.

"तू कुठे?"

"मैदानावर. जवळचं कोणीतरी असावं तिथे."

मयताला निघालेलं माणूस बोलतं तसं ती बोलली.

मैदानात लाकडी मंच होता, खुर्च्यांना पांढरी कापडं होती. मधोमध बुटांचा लांबलचक पट्टा अंथरलेला. डांबर ओतायच्या आधी खडी पसरतात तसा. दोरखंडापलीकडे बघ्यांची गर्दी होती. तिथेच कारखान्यातल्या बायका एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि त्यांच्यात त्याची बायको. मालक आला नव्हता. तो जामिनावर सुटून कोणा नातेवाइकाकडे तोंड लपवून होता.

मंत्र्यांनी भाषण केलं. दुसऱ्याच्या बुद्धीची चोरी हीसुद्धा चोरीच, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. साहेबांनी हात वर केला.

रोलर सुरू करताना रोलरवाल्याच्या मनात एक गोष्ट येऊन गेली. पायाशी डिझेल बंद करायचा खटका होता. तो पायाने जरा सरकवला असता तर इंजिनाने चार धक्के खाऊन मान टाकली असती. जुनं यंत्र, कोणाला संशयही आला नसता. खटक्यापर्यंत पाय पोचला होता. त्याने तो तिथेच ठेवला, आणि मग काढून घेतला. का काढला, हे त्याला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही नाही. रोलर पुढे सरकला.

खडीवरून जाताना खालून करकर येते, ती हाडांत जाते. इथे काहीच आलं नाही. गादीवरून चालावं तसं मऊ लागलं. पट्टा संपला, त्याने रोलर थांबवला आणि मागे वळून पाहिलं.

बूट वर येत होते. चपटे झालेले तळवे हळूहळू फुगत होते, टाचा उभ्या राहत होत्या. एक बूट तर टुणकन उडून कुशीवर वळला. रबर चांगलं होतं, दुसरं काही नाही.

दोरखंडापलीकडे एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळ्याच तोंडावर हात धरून हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्याची बायकोही हसत होती. धाडीनंतर पहिल्यांदाच. मग हसू जसं आलं तसंच एकदम ओसरलं.

टीव्हीवाला ओरडला, "हे नाही चालणार! काही झालंय असं दिसतच नाहीये."

साहेब घामाघूम होऊन धावत आले. "पुढेमागे करा! जागेवरच पुढेमागे करा! फाटले पाहिजेत."

तो पुढेमागे करत राहिला. वजन तिथल्या तिथे घासू लागलं तसं चामडं सुटलं, दोरे ताणले आणि तुटले. तळवे शेवटपर्यंत तुटले नाहीत. पण वरचं सगळं सुटल्यावर त्यांना बूट म्हणण्यासारखं काही उरलं नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने बायकोकडे पाहिलं नाही. समोर बघून चालवायची सवय त्या दिवशी उपयोगी पडली.

दुपारी मैदान रिकामं झालं. तो रोलर घेऊन डेपोत आला. चाकाला रबर, डिंक आणि दोऱ्यांचा लगदा बसला होता. तो तसाच राहिला असता तर दुसऱ्या दिवशी रस्त्यावरचं डांबर चाकाला चिकटून उचललं गेलं असतं. तो पत्रा घेऊन खरवडायला बसला. दोरे पत्र्याला दाद देत नव्हते.

सावली पडली म्हणून त्याने वर पाहिलं. ती उभी होती. मैदानापासून रोलरच्या मागे मागे चालत आली असावी.

"असं नाही निघायचं ते," ती म्हणाली. "टोक सापडलं पाहिजे."

ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली. नखाने चाचपत तिने एक टोक सोडवलं आणि ओढलं. दोरा लांबच लांब, न तुटता निघाला. तो तिने गुंडाळून बाजूला ठेवला आणि दुसरं टोक शोधायला लागली.

"उद्या कुठे?" तिने विचारलं.

"शाळेच्या मागचा रस्ता."

"मग लवकर उठवते."

तो रबर खरवडत होता, ती दोरे काढत होती. चाक मोठं होतं. एक बाजू झाली की तो रोलर थोडासा पुढे घ्यायचा, ती हात मागे घेऊन थांबायची, आणि मग दोघं पुन्हा वाकायची.