‘ये’ न म्हणण्याचा नेम

घट बसायच्या आदल्या दिवशी कडूबाईने देवीपुढे हात जोडून नेम बोलला. अनवाणी राहायचं, एक वेळ जेवायचं, जमिनीवर निजायचं, हे दरवर्षीचंच होतं. या वर्षी तिने त्यात एक भर घातली. नऊ दिवस तोंडातून ‘ये’ म्हणून काढायचं नाही, कुणालाच.

रामहरी, तिचा नवरा, दारात पायांची माती झटकत होता. तो म्हणाला, “आन् गाईला कसं बोलवशील?”

“बादली वाजवीन.”

“आन् मला जेवायला?”

“तुमाला बोलवावं लागतं व्हय कधी?”

रामहरी हसला. तो शब्द कुणापायी सोडला आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पंकजा त्यांची एकुलती लेक. पुण्याला एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. भाजलेल्या माणसाला लावायला कातडी वाढवायची, तर तिच्या पेशी किती वेगाने वाढतात, कोणत्या खाद्यावर, किती उष्णतेला, हे मोजायचं तिचं काम. पेशी काचेसारख्या डब्यांत पेरायच्या आणि नऊ दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी मोजायच्या. हात बदलला की आकडा बदलतो, म्हणून मोजायचं ते एकाच माणसाने.

गेल्या वर्षी श्रावणात कडूबाईला लेकीची आठवण सोसवेना. तिने रामहरीला फोन करायला लावला, ‘आईला बरं न्हाई’ म्हणून. पंकजा मिळेल त्या एसटीने धावत आली. अंगणात पाय ठेवला तर पुरणाचा वास, आणि आई चुलीपुढे धडधाकट. पोरगी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मुकाट्याने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “आई, सहाव्या दिवसाचा आकडा गेला. आता सगळं पहिल्यापासून.”

त्याला चौदा महिने झाले. पंकजा परत घरी आली नव्हती. दर रविवारी फोन करायची. कडूबाई म्हणायची, “ये गं एकदा,” की तिकडचा आवाज बारीक व्हायचा, आणि ‘बघते’ म्हणून फोन ठेवला जायचा. होता होता कडूबाईला वाटू लागलं, की आपला हा शब्दच लेकीला लांब लोटतो आहे. म्हणून तो देवीपाशी ठेवला.

घट बसले. पत्रावळीवर काळी माती, मातीत गहू, मधोमध पाण्याने भरलेला घट, शेजारी अखंड दिवा. पहिली माळ चढली. दुपारी शेजारची छबूबाई दाराशी उभी राहिली. कडूबाईने पाट सरकवला आणि म्हणाली, “बस.”

“आधी आत तर बोलव.”

“बस म्हनलं ना.”

“लई कडक बाई तुझी देवी,” छबूबाई बसली. “आन् लेक? घटाला बी न्हाई?”

“तिच्या पेशी हायेत. टाकून कशी निघंल?”

“पेशी म्हनायच्या का म्हशी? रोज चारा, रोज पानी.”

कडूबाई हसली. पण दिव्यात तेल घालताना तिच्या मनात आलं, की आपल्याला तरी हा दिवा टाकून पुण्याला कुठे जाता येतंय.

दुसरी माळ रविवारी आली. सकाळी फोन वाजला.

“आई, घट उगवले का गं?”

“अजून न्हाई. माती नुसती फुगलीय.”

“माझ्याही बसूनच आहेत. मीपण कालच पेरल्या.”

“बसून म्हंजी?”

“पहिला दीड दिवस त्या काहीच करत नाहीत. डब्याच्या बुडाला धरून बसतात. नवी जागा अंगवळणी पडेपर्यंत एकीच्या दोन होत नाहीत.”

सासरी आल्यावर आपणही अशाच बसलो होतो, असं कडूबाईच्या ओठांवर आलं. ते राहिलं. त्याच्या पाठोपाठ दुसरंही आलं. ते तिने गिळलं आणि म्हणाली, “जेवत जा येळंवर.”

पंकजा नेहमीच्या शब्दाची वाट बघत असावी. तो आला नाही तेव्हा तीच म्हणाली, “उद्या सांगशील, किती वर आलं ते?”

दुसऱ्या दिवसापासून रोज फोन येऊ लागला. आरती झाली की कडूबाई पांढरा दोरा मातीला टेकवून धरायची, कोंबाच्या टोकाशी गाठ मारायची आणि फोनवर सांगायची. एक बोट. दोन बोटं. पाचव्या माळेला एकदम चार. पंकजा म्हणायची, “माझ्याही आता सुटल्यात बघ, सव्वीस तासांत दुप्पट.” मग खाद्य सांगायची, उष्णता सांगायची. एकदा म्हणाली, “दोन अंशांनी गार केलं तरी सगळंच हळू होतं. वाढही, खाणंही.” कडूबाई ऐकत राहायची. चौदा महिन्यांत लेक इतकी बोलली नव्हती. जितकी बोलायची तितकी ती जवळ यायची, आणि फोन ठेवला की घर आधीपेक्षा मोठं वाटायचं.

सहाव्या माळेला कडूबाईने आधीच विचारलं, “आजचा आकडा मिळाला?”

“मिळाला, आई.”

कडूबाईने त्या दिवसाची गाठ पुन्हा एकदा आवळली.

आठव्या माळेला पंकजाचा आवाज थकलेला होता. डबे भरले होते, पेशींना जागा उरली नव्हती, वाढ मंदावली होती. “आता फारसं काही होणार नाही. एकच दिवस राहिला. तू ये म्हण, सोडून येते दसऱ्याला. खरंच येते.”

कडूबाई भिंतीला टेकून खाली बसली. समोर दिवा जळत होता. कोंब आता वीतभर झाले होते, पिवळे, एका बाजूला झुकलेले. एक अक्षर तर म्हणायचं होतं. देवी काही कोर्टात खेचणार नव्हती.

“वाढ कुठं थांबली ते शेवटाच्या आकड्यावरच कळतं ना?” तिने विचारलं.

“हो.”

“मंग मोज.”

फोन ठेवून तिने पदराने डोळे पुसले आणि बादली वाजवत गोठ्याकडे गेली.

दसऱ्याच्या सकाळी घट हलवला. कोंब रामहरीच्या टोपीत खोवले, छबूबाईच्या वेणीत घातले. नेम फिटला होता. शब्द मोकळा होता. पण फोन आला आणि पंकजा म्हणाली, “सगळे आकडे मिळाले, आई. आता हेच परत, दोन अंश कमी ठेवून. उद्या सकाळी पेरायच्या.”

म्हणजे पुन्हा नऊ दिवस. कडूबाई दोऱ्यावरच्या गाठींवरून बोट फिरवत राहिली. पहिल्या गाठीपाशी बोट थांबलं. तिच्याखाली मातीपर्यंत दोरा मोकळाच होता.

“पंकू, पेरल्यावर दीड दिवस त्या नुसत्या बसत्यात ना?”

“हो.”

“आन् गार ठेवल्यावर तर जास्तच बसतील.”

“बसतील.”

“मंग त्या दिवसाला मोजतीस काय?”

मग पंकजा सावकाश, मोजत असल्यासारखी बोलली, “सहाला पेरल्या तर दहाला धरल्या का ते बघायचं. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत... या फेरीत संध्याकाळचं मोजणं तेवढं पुढं ढकलता येईल. सरांना विचारते. साडेदहाची एसटी मिळाली तर चारला पाथर्डी. पहाटेच्या गाडीनं परत.” ती थांबली. “एकच रात्र होईल, आई.”

“व्हय.”

“मग म्हण की.”

“ये,” कडूबाई म्हणाली. दहा दिवस न वापरलेला शब्द, जरा घोगराच निघाला.

पंकजाच्या वाटणीचे कोंब तिने मातीसकट एका वाटीत काढून ठेवले होते. उद्यापर्यंत त्यांनी आणखी वाढू नये, वाळूही नये. तिने फडकं ओलं करून वाटीभोवती गुंडाळलं आणि वाटी माठामागे, घरातल्या सगळ्यात गार जागी नेऊन ठेवली.