रंगाऱ्याच्या घरचा कुकर

मी एक जुना प्रेशर कुकर आहे. नळाशेजारच्या फळीवर, अंगावर पोचे पडलेला आणि बुडाशी काळवंडलेला जो दिसतो ना, तोच मी. माझी मूठ मूळची नाही. ती एकदा वितळली, तेव्हा तिच्या जागी रंगाच्या जुन्या ब्रशचा दांडा बसवला गेला. मित्रांनो, आज मला कोणी दुकानात मांडणार नाही. पण पंचवीस वर्षं एका घराचं जेवण माझ्या पोटात शिजलं आहे, आणि ते घर रिकामं होतानाही मीच पाहिलं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याची सपाट चकती यंत्राखाली गेली आणि एका दणक्यात मला पोट आलं. मग मला पाण्याच्या हौदात बुडवून आत हवा भरली. निळा कोट घातलेली तपासनीस बाई कुठून बुडबुडा निघतो का ते पाहत होती. निघाला नाही. तिने माझ्या बुडावर टिचकी मारली आणि म्हणाली, "हा टिकेल." माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

एक रंगारी आणि त्याची बायको मला विकत घ्यायला आले. नवंच लग्न झालेलं होतं. रंगाऱ्याच्या नखांत पांढरा रंग होता. दुकानदार छोटा कुकर दाखवत होता, पण ती ऐकेना. "मोठाच द्या. एका आचेवर तिन्ही डबे शिजले पाहिजेत," ती म्हणाली. तिचं गणित पक्कं होतं. खालच्या डब्यात डाळ, मधल्यात भात, वरच्यात भाजी. गॅस एकदाच पेटायचा आणि घर जेवायचं. रंगाचं काम म्हणजे आज आहे तर उद्या नाही. पण तिच्या हाताखाली मी कधी रिकामा राहिलो नाही. पुढे घरात दोन मुली आल्या, थोरली आणि धाकटी. माझी शिट्टी वाजली की दोघी हातातलं टाकून स्वयंपाकघराकडे धावत.

मग एका हिवाळ्यात रंगाऱ्याच्या बायकोला ताप आला. तो उतरेना, म्हणून तिला दवाखान्यात नेलं. नवव्या दिवशी तिथून फक्त तिचा स्वेटर घरी आला.

जाण्याआधी तिने मला घासून वरच्या फळीवर ठेवलं होतं. तसाच मी आठ महिने होतो. मला कोणी हात लावला नाही. माझ्या झाकणाच्या आत पाण्याचा एक थेंब राहिला होता, तोही वाळून गेला.

रंगारी वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. त्याला पिवळ्या रंगाच्या सात छटा डोळे मिटून सांगता येत, पण पालक कुठला आणि मुळ्याचा पाला कुठला हे कळत नसे. संध्याकाळी तो पाव आणायचा, कधी कोपऱ्यावरचं काहीतरी तळलेलं आणायचा, आणि वर चहा. "पोट भरलं ना? झालं तर मग," असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी फळीवरून पाहायचो. तिघं तीन कोपऱ्यांत बसून खायची, कोणी कोणाशी बोलायचं नाही.

आणखी एक गोष्ट मला दिसायची, जी रंगाऱ्याला दिसत नव्हती. थोरली तेव्हा तेरा वर्षांची होती. ती आपला पाव धाकटीच्या ताटलीत सरकवायची आणि म्हणायची, "मी मैत्रिणीकडे जेवून आले." मग नळापाशी जाऊन दोन पेले पाणी प्यायची. रोज. मला ओरडून सांगावंसं वाटे. पण आच लागल्याशिवाय कुकरला आवाज नसतो.

एके दिवशी थोरली शाळेत फळ्यापाशी उभी असताना चक्कर येऊन पडली. रंगाऱ्याला कामावरून बोलावणं आलं. तो तिला डॉक्टरीणबाईंकडे नेऊन दुपारी घरी घेऊन आला. तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?" धाकटीने विचारलं.

"माझ्या अंगात रक्त कमी आहे म्हणाल्या," थोरली म्हणाली. "गोळ्या दिल्यात. ही रोज काय खाते, असं त्यांनी बाबांना विचारलं. बाबा काही बोललेच नाहीत."

रंगाऱ्याने हळूच विचारलं, "मैत्रिणीकडे तू काय जेवतेस गं?"

थोरली स्टुलाची कड नखाने खरवडू लागली.

"कोण मैत्रीण? नाव तरी सांग."

थोरलीने मान खाली घातली. "मला कोणी मैत्रीण नाहीये, बाबा."

आपल्याच घरात, आपल्या डोळ्यांदेखत मुलगी उपाशी राहत होती. हे रंगाऱ्याच्या काळजाला लागलं. त्याने हात वर केला आणि आठ महिन्यांनी मला फळीवरून खाली काढलं. माझ्यावरची धूळ त्याने शर्टाच्या बाहीने पुसली.

माझं रबर वाळून कडक झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला काखेत मारून दुरुस्तीवाल्याकडे गेला. तिथून निघाला तो थेट मंडईत. तिथे एका भाजीवाल्या मावशींपुढे जाऊन नुसताच उभा राहिला.

"काय देऊ?" मावशींनी विचारलं.

"काय काय असतं?"

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घरात करणारं कोणी नाही वाटतं?"

"नाही. दोन मुली आहेत. थोरलीचं रक्त कमी झालंय. आणि हातही आखडताच आहे."

"कुकर चालतो ना?"

"आत्ताच रबर बदललं."

"मग अर्धी लढाई जिंकलास की रे! तोंड कशाला पाडून उभा आहेस?" मावशींनी बिटाची जुडी उचलली. "हे बघ, लोक कंद नेतात आणि पाला इथेच मोडून टाकतात. हा पाला घेऊन जा, बारीक चिरून डाळीत टाक. कडधान्य सकाळी भिजत घाल, संध्याकाळी शिजव. वरून लिंबू पीळ. आणि जेवणाबरोबर तो चहा बंद कर, खाल्लेलं अंगी लागू देत नाही तो. बाकी डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेव. स्वस्त आहे म्हणून हलकं समजू नकोस, कळलं?"

रंगाऱ्याने सगळं रंगाच्या दुकानाच्या पावतीमागे लिहून घेतलं. परत येताना बिटाचा पाला माझ्याच पोटात होता.

पहिल्या दिवशी काय झालं ते सांगताना मला आजही हसू येतं. मी मोठा, म्हणजे मला गळ्यापर्यंत भरलं पाहिजे, असं रंगाऱ्याला वाटलं. त्याने डबे बाजूला ठेवले, माझ्यातच काठोकाठ डाळ-पाणी ओतलं आणि आच भडकवली. माझा जीव गुदमरला. शिट्टीच्या वाटेत डाळ अडकली, मूठ वितळू लागली, आणि शेवटी माझा सेफ्टी वॉल्व असा काही उडाला की डाळीचं कारंजं थेट छताला भिडलं! तिघं दाराबाहेर पळाली. आवाज थांबल्यावर एकेक डोकं आत डोकावलं. छतावर हा भला मोठा पिवळा डाग.

"बाबा," धाकटी म्हणाली, "तुम्ही छतालापण रंग दिला!"

थोरलीला हसू फुटलं. ती ओट्याला धरून हसत राहिली. रंगारीही हसला, आणि हसता हसता जमिनीवर बसून रडू लागला. मुली त्याच्या दोन बाजूंना बसल्या. थोड्या वेळाने थोरली म्हणाली, "आई निम्माच भरायची, बाबा."

त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. तीन ताटं एकाच वेळी वाढायची, सारखी वाढायची, आणि तिघांनी एकत्र बसायचं. कोणी 'मी खाऊन आले' म्हणायचं नाही.

मित्रांनो, ती वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची वर्षं. रंगारी पहाटे कडधान्य भिजत घालून कामाला जायचा. संध्याकाळी मावशी बाजार आटोपत असताना उरलेली भाजी आणायचा. फ्लॉवरचे दांडे तो बारीक चिरायचा. भाजी शिजलेलं पाणी ओतून न देता त्यात कणीक मळायचा. भाताच्या डब्याशेजारी बसतील तेवढी अंडी ठेवायचा. स्वस्त असली की एकच भाजी चार-चार दिवस चाले.

"परत कोबी?" धाकटी कुरकुरायची.

"कालची लांब चिरलेली होती. आजची चौकोनी आहे," रंगारी गंभीर चेहऱ्याने सांगायचा.

डॉक्टरीणबाईंनी चार महिन्यांनी पुन्हा तपासलं. रक्त भरून आलं होतं. त्यांनी तोच प्रश्न विचारला, ही रोज काय खाते? थोरली घरी येऊन सांगत होती की या वेळी बाबा इतकं बोलले, इतकं बोलले, की बाहेरच्या रांगेतली माणसं ओरडायला लागली. मी गॅसवर होतो. मी त्या दिवशी जरा मोठ्यानेच शिट्टी मारली.

पण लेकी वाढतात, मित्रांनो, आणि चांगल्या वाढल्या की दूर जातात. थोरलीला दुसऱ्या शहरात औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली. पाच वर्षांनी धाकटी लग्न होऊन त्याहून लांब गेली. निरोपाच्या दिवशी थोरलीही आली होती, म्हणून रंगाऱ्याने तिघांचं जेवण माझ्यात शिजवलं. दुसऱ्या दिवशीही त्याच्या हातून तिघांचंच शिजलं. ते दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी त्याने मला घासलं, कोरडं केलं आणि वरच्या फळीवर ठेवून दिलं.

ही शांतता पहिल्या वेळेपेक्षा लांब होती. महिने नाही, वर्षं गेली. रंगाऱ्याचे गुडघे दुखू लागले, शिडी सुटली, काम सुटलं. तो टोस्टचा पुडा आणायचा आणि मोरीपाशी उभ्या उभ्या चहात बुडवून खायचा. ताट घ्यायचा नाही. घासायला नको म्हणून. लेकींचा फोन आला की मात्र आवाज चढायचा. "आज ना, हरभरे केलेत. वर टोमॅटो, लिंबू. आणि गाजर!" तो सांगत राहायचा, आणि फळीवर माझ्या पोटात एक कोळी जाळं विणत असायचा. फोन ठेवला की तो थोडा वेळ तसाच उभा राहायचा, हात फोनवर ठेवून. मला वाटे, याने एकदा वर बघावं. तो बघत नसे.

स्वयंपाकघराचं दार जिन्यावर उघडतं. एका संध्याकाळी रंगारी बाहेरून आला, तर वरच्या मजल्यावरचे घड्याळजी पायरीवर धापा टाकत बसले होते. बायको गेलेली, डोळे अधू झालेले, घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलेलं. दोघांची ओळख 'कसं काय'पुरतीच होती.

"काय आणलंत?" रंगाऱ्याने त्यांच्या पिशवीकडे बघत विचारलं.

"पाव."

"आणि?"

"आणि काय? पाव."

"अहो, नुसत्या पावावर माणूस जगतो का?" रंगारी एकदम चिडला. "या वयात रोज असं खाल तर एक दिवस जिन्यातून गडगडाल!"

घड्याळजींनी डोळे बारीक केले. "आणि तुमच्या काखेत काय आहे हो?"

रंगाऱ्याने खाली पाहिलं. टोस्टचा पुडा. मग रंगारी आत आला, स्टूल ओढलं, गुडघ्यांना शिव्या देत वर चढला आणि मला खाली काढलं. कोळ्याला बेघर व्हावं लागलं, त्याला माझा इलाज नव्हता.

तो हिवाळा आम्ही दोन माणसांचं शिजवलं. घड्याळजींना मीठ जास्त लागे, रंगारी कमी घाले, आणि त्यावरून रोज भांडण होई. काय ते गोड भांडण! एका आचेवर तीन डबे, समोरासमोर दोन ताटं. फोनवर आता रंगारी खरं सांगायचा, म्हणून त्याचं बोलणं आखूड झालं होतं.

हिवाळा संपला आणि घड्याळजींचा भाचा त्यांना आपल्या गावी न्यायला आला. न्यायलाच हवं होतं. डोळ्यांनी अगदीच दिसेनासं झालं होतं. रंगारी त्यांना गाडीत बसवून आला. घरात शिरून त्याने हात धुतले आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी मनाशी म्हटलं, झालं, आता परत फळी. आता वय झालंय त्याचं; यानंतर मला खाली काढणारं कोणी येणार नाही.

त्याने डब्यात मूठभर तांदूळ घेतले. दुसऱ्यात मूठभर डाळ आणि चिरलेला पाला. एक गाजर. माझ्या बुडाशी पेलाभर पाणी ओतलं आणि गॅस पेटवला. मी एवढा मोठा, आणि आत एका माणसाचा घास. मला लाज वाटली नाही. तीन शिट्ट्या झाल्या. त्याने टेबल पुसलं, एक ताट मांडलं, लिंबू पिळलं. मग खुर्ची ओढली आणि बसून, सावकाश, सगळं जेवला. समोरची खुर्ची रिकामी होती. ती रिकामीच राहिली. पण ताट भरलेलं होतं.

मित्रांनो, आम्हां भांड्यांचं आयुष्य तुमच्या हातात असतं. आम्हाला घासा, आमचं रबर वेळेवर बदला, गळ्यापर्यंत भरू नका, एवढं तर मी म्हणणारच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. एकटं जेवायची पाळी आली, तरी आपल्यासाठी गॅस पेटवा आणि बसून जेवा. आणि तुमच्या ओळखीचं कोणी एकटं जेवत असेल, तर त्याला फोनवर 'जेवलात का' एवढंच विचारून थांबू नका. एखादे दिवशी त्याच्या घरी जा, आणि समोरच्या खुर्चीवर बसा.