दाबणारीचा पेशंट

आमच्या वॉर्डात एक रीत आहे. ज्या सिस्टरने छाती दाबून पेशंट परत आणला, तो तिचा. बाकीच्यांनी त्याला हात लावायचा नाही, नाहीतर म्हणे दृष्ट लागते. आम्ही सगळ्या नर्सिंग शिकलेल्या, तरीही डॉक्टरांच्या सूचनांपेक्षा ही रीत जास्त पाळतो.

मोशीचे दत्तोबा चाकणच्या कंपनीतून रिटायर झालेले. ईसीजी काढायला आले आणि टेबलावरच थंड पडले. आमच्यातल्या आम्रपालीने छाती दाबली. दोन बरगड्या मोडल्या, पण माणूस आला. पोरीने आजवर कितीतरी छात्या दाबल्या होत्या, त्यातून परत आलेला हा पहिलाच.

तेव्हापासून तिने सुट्टी घेतली नाही. डबासुद्धा ती त्यांच्या खाटेशेजारीच खायची. दत्तोबा शिंकले तरी पळत यायची. त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं, तर मीही खुशाल सांगायचे, "आम्रपालीला सांगा, काका." माझी मलाच लाज वाटायला हवी होती.

दत्तोबांना घरी जायचं होतं. त्यांच्या पत्नी सुमनताई रोज सकाळी पिशवी भरायच्या आणि संध्याकाळी पुन्हा रिकामी करायच्या. डॉक्टर म्हणत, बीपी उतरलं की सोडू. ते काही उतरेना. गोळ्या वाढवल्या, मीठ बंद केलं, शेवटी टीव्हीसुद्धा बंद केला.

परवा मी आम्रपालीला दटावून कँटीनला पाठवलं आणि रीत मोडून स्वतःच बीपीचा पट्टा बांधला. एकशे वीस बाय ऐंशी! पुन्हा घेतलं, तेच. तेवढ्यात आम्रपाली दारात दिसली आणि मॉनिटरवरचे ठोके सुसाट सुटले.

"काका, तुम्ही हिला घाबरता?"

"घाबरू न्हाई तर काय? पोर लई गुणाची हाय. पर तिनं हात पुढं केला, की माज्या बरगड्या आपसूक आकसत्यात."

मला हसू आवरेना. आम्रपालीचे डोळे मात्र भरले. "ताई, घरी गेले आणि पुन्हा बंद पडले तर? तिथे कोण दाबणार?"

डॉक्टरांना मी माझा आकडा सांगितला आणि त्यांनी डिस्चार्ज लिहिला.

रिक्षा आली तेव्हा आम्रपाली दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होती. काकांना भीती वाटू नये म्हणून. मला तिचा राग आला आणि मायाही वाटली. रिक्षात बसता बसता दत्तोबांनीच मनगट पुढे केलं.

"बघ की एकदा."

तिने बिचकत नाडी धरली. "काका, किती धडधडतंय!"

"व्हय, तू धरलंस न्हवं. पर चालू हाय का न्हाई?"

ती मानेनेच हो म्हणाली.

"मग सोड आता."

तिने एकेक बोट सोडलं.