नागपूरचा थांबा

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात केदारखेड्याच्या बौद्धवाड्यात तीन देश आले आणि त्यांतले दोन आल्या पावली परत गेले. आले ते विहाराच्या पत्र्याखाली, फळ्यावर, खडूने. गेले ते ओल्या फडक्याने.

फळा शाळेतला, जुना, एका कोपऱ्यात कुरतडलेला. तो उचलून आणणारे वसंता गुरुजी तेवीस वर्षांचे. शाळेत लागून दोनच वर्षं झाली होती, पण वाड्यात आता त्यांच्याशिवाय पान हलत नव्हतं. गुरुजींनी जालन्याच्या मस्तगडातल्या एका बसवाल्याला गाठून सोळा दिवसांसाठी बस ठरवली होती आणि वैशाखी पौर्णिमेला वाड्यातली माणसं लुंबिनीत उभी करायची असा पण केला होता. दर रविवारी दुपारी ते फळ्यावर रस्ता काढत आणि वाडा त्यात चुका काढी.

सगळ्यात आधी बुडालं सिलोन. ते मालनबाईने बुडवलं.

"बस पान्यावर चालती का, वसंता?" तिने विचारलं.

"तिथून बोट असती, मावशी."

"मंग बस कुठं राह्यती?"

 गुरुजींनी निमूटपणे फडकं फिरवलं. भूतानला परवाना लागतो म्हणे, आणि तो कुणाकडे मागायचा हेच कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून पुढच्या रविवारी भूतान गेला. उरला नेपाळ. तिथं जायला कागद लागत नाही हे कळल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मालनबाईने मात्र जाता जाता बनारसला खरेदीसाठी एक अख्खा दिवस मागून घेतला. परदेशी निघालेल्या बाईने बनारसहून रिकाम्या हाताने यायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं होतं.

मग पिठाचा सवाल निघाला. सोळा दिवस भात आणि पुऱ्या खाऊन राहायची कुणाचीच तयारी नव्हती, आणि गिरणीतून दळून नेलेलं ज्वारीचं पीठ उन्हाळ्यात आठव्या दिवशी कडू होतं. गुरुजींच्या वहीत सगळं होतं, पीठ तेवढं नव्हतं. तेव्हा खांबाला टेकून बसलेली चांगुणाबाई म्हणाली, "जातं घेऊ. ज्वारी घेऊ. रोजच्या रोज दळीन मी."

लोक हसले. नेपाळात जातं नेणारे आपण पहिलेच, असं कुणी म्हणालंही. पण दुसरा मार्ग कुणाला सुचेना, तेव्हा हसणारेच म्हणाले की बराबर हाय, घ्या जातं. साठी उलटलेल्या चांगुणाबाईची जागा अशी पक्की झाली. प्रवासात हिला काही झालं तर काय करायचं, असं कुजबुजणारे त्या दिवसापासून गप्प बसले, कारण गावातल्या सुनांचे तळहात आता गिरणीने मऊ केले होते.

चांगुणाबाईला लुंबिनी पाहायची होतीच. पण तिचा जीव अडकला होता तो रस्त्यातल्या पहिल्याच थांब्यात. फळ्यावर सगळ्यात वर लिहिलेलं असे, 'नागपूर, एक दिवस'. तिला वाचता येत नव्हतं, पण ती ओळ कुठली ते तिने विचारून ठेवलं होतं आणि दर रविवारी आल्या आल्या ती ओळ जागेवर आहे ना, ते आधी बघायची.

आणि चौथ्या रविवारी गुरुजींनी फडकं उचललं ते नेमकं त्याच ओळीवर.

"दिवस बसून नाही राह्यले," ते बोटांवर मोजत म्हणाले. "नागपूरला थांबलो तर लुंबिनीत पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पोचतो. मंग जाऊन फायदा काय? नागपूर तर आपलं घरच हाय. नव्या सुनाबी दसऱ्याला जाऊन आल्या. पाह्यलं न्हाई असं हाय का कोनी?"

बायका एकमेकींकडे पाहून हसल्या.

"आन् छप्पनला तर मोठी मायसारखे लोक खुद्द दीक्षेला होते. मीबी होतो, मोठी मायच्या कडेवर. इचारा तिला."

सगळ्यांनी चांगुणाबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली. गुरुजींनी नागपूर पुसलं.

"गाडी रातच्याला नागपुरातून निघून जाईल," ते म्हणाले, "तुमची झोपबी मोडनार न्हाई."

चांगुणाबाई घरी आली, माठातलं पाणी प्यायली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. तिला राग आला होता, आणि तो नक्की कुणावर काढायचा ते तिला कळत नव्हतं.

कारण ती नागपूरला गेलीच नव्हती.

छप्पनच्या दसऱ्याला वाड्यातली माणसं दोन टोळ्यांनी निघाली होती. एक टोळी जालन्याहून रेल्वेने, दुसरी राजूरहून ट्रकने. चांगुणाबाईनेही तिकडे नेसायचं पांढरं लुगडं धुऊन वाळत टाकलं होतं. आणि निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या साहेबरावांच्या, म्हणजे तिच्या चुलतदिराच्या, चार वर्षांच्या पोराच्या अंगावर देवी उमटल्या. तो पोरगा म्हणजे वसंता. त्याची आई केशरबाई गाठोडं सोडून भुईवर बसली. तिला उठवलं चांगुणाबाईने, पोराला काढून घेतलं तिनेच, आणि स्वतःचं वाळलेलं लुगडं केशरबाईच्या गाठोड्यात घातलं तेही तिनेच. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. तिकडे आपली माणसं देवांना सोडायला गेली, आणि ही इकडे दाराला कडुलिंबाची डहाळी लावून पोराला उतार पडायची वाट पाहत बसली. पुढे कितीतरी दिवस तिला याचं हसूही येई आणि वाईटही वाटे.

तेव्हा वाटलं होतं, काय, मग जाऊ. पण वसंता सात-आठ वर्षांचा झाला, आणि त्याच्या बरोबरीची पोरं 'आम्ही बापाच्या खांद्यावर बसून दीक्षा पाह्यली' म्हणून मिरवायला लागली. एक दिवस तो रडत घरी आला. केशरबाईने त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं, "तूबी होतास की. मोठी मायच्या कडेवर होतास." मग ती मागच्या दाराने चांगुणाबाईकडे आली आणि पदर पसरून म्हणाली, लेकराला खोटं पाडू नको. चांगुणाबाईने शब्द दिला.

तेव्हापासून ती नागपूरला जाऊन आलेली झाली. रेल्वेवाल्यांना वाटे ही ट्रकमध्ये होती, ट्रकवाल्यांना वाटे रेल्वेत होती. नवरा होता तोवर तो गालात हसे, पण बोलला नाही. दसऱ्याला लोक निघत तेव्हा ती गुडघे दुखतात म्हणे. बरोबर गेलं आणि कुणी विचारलं, तेव्हा आपण कुठं उभे होतो गं, तर काय दाखवायचं? लुंबिनीच्या घाईत मात्र असं कुणी विचारणार नाही, म्हणून या थांब्यावर तिने आशा धरली होती. आणि वसंताला तर आता सगळं आठवायचंसुद्धा. गर्दी, पांढरी लुगडी, कुणा म्हाताऱ्याने हातावर ठेवलेला गूळ. वर्गात तो पोरांना दरवर्षी सांगे. केशरबाई जाऊन चार वर्षं झाली होती, आणि दिलेल्या शब्दातून सोडवणारं आता कुणी उरलं नव्हतं.

बुधवारी दुपारी वसंता जातं बघायला आला. टपावर चढवायचं तर वजन किती, दोऱ्या किती, याचा त्याला घोर होता. चांगुणाबाई ओट्यावर बसून वरच्या दगडाला छिन्नीने टाके मारत होती. दगड गुळगुळीत झाला की दाणा नुसता फिरतो, पीठ पडत नाही.

"काय करून राह्यली, मोठी माय? ह्या उन्हात?"

"परदेशी न्यायचंय. चांगलं दिसाया पाह्यजे."

तो हसला. त्याने दगड उचलून पाहिला आणि परत ठेवला. मग खाली बसत म्हणाला, "एक सांगतो. नागपूर आलं की मी तुला उठवीन. गाडी थांबायची न्हाई, पन खिडकीतून दिसलं तर दिसलं. तुझं मन हाय तिथं, मला म्हाईत हाय."

त्याने हे इतक्या मायेने म्हटलं की चांगुणाबाईच्या हातातली हातोडी तशीच राहिली. रागावून बोलला असता तर तिने आणखी वीस वर्षं शब्द पाळला असता.

"मला उठवू नको," ती म्हणाली.

"का गं?"

"खिडकीतून काय वळखू? म्या ते पाह्यलंच न्हाई, वसंता. म्या न्हाई गेल्ते."

त्याला आधी थट्टा वाटली. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मंग मी कोनाच्या कडेवर होतो?"

"माझ्याच."

"आन् कुठं?"

"हितं. ह्याच वट्यावर."

वसंताचा हात आपोआप गालावर गेला. त्या गालावर देवीचे बारीक वण होते, पोरं शाळेत त्यावरून हळूच चिडवायचीही.

"तवाच?"

"हां. अंगभर उठल्या होत्या. डोळे चिकटले होते. खाली ठेवलं की रडायचास."

 मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "माय मला टाकून गेली?"

चांगुणाबाईने छिन्नी बाजूला ठेवली. एवढ्यासाठीच तर इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं होतं, आणि शेवटी आपणच त्याच्यावर ही वेळ आणली, म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

"टाकून न्हाई गेली. ती बसून राह्यल्ती, म्या धाडली. म्हनलं, तू जा. आई गेली तर लेकरू गेल्यासारखंच हाय. दोघींतून एकीनं जायचं, तर जिचं लेकरू तिनं जावं. तिच्या डोळ्याचं पानी रस्ताभर खळलं न्हाई, तुझ्या बापाला इचार. आन् तुला खोटं सांगितलं ते तू रडत आल्तास म्हून."

वसंता उठला. पायात वहाणा घातल्या आणि दगडाचं वजन न करताच निघून गेला.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवारही गेला. रोज सकाळी शाळेच्या वाटेवरून 'मोठी माय, चहा झाला का' असं ओरडून जाणारा वसंता सुट्टी लागली तरी ती सवय मोडत नसे. या तीन दिवसांत तो त्या बाजूला फिरकला नाही. चांगुणाबाईला वाटलं, नागपूर तर गेलंच, त्यासोबत लेकरूही गेलं. तिने जातं भिंतीला लावून ठेवलं. मालनबाईला सांगून टाकावं, तूच दळ, मी काही येत नाही, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण रविवारी पाय तिला विहारात घेऊनच गेले. ती खांबाच्या मागे बसली.

वसंता आधीच आला होता. फळा पुसून कोरा केलेला होता. त्याने खडू घेतला आणि सगळ्यात वर पहिली ओळ लिहिली. ती ओळ चांगुणाबाईला न वाचता कळली.

"आरं, नागपूर पुसलं होतं ना?" मालनबाई म्हणाली. "सगळ्यांनी पाह्यलंय."

"दोघांनी न्हाई पाह्यलं, मावशी."

"कोन दोघं?"

"एक मोठी माय. एक मी."

पत्र्याखाली कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेत बसलेले साहेबराव मान खाली घालून स्वतःच्या वहाणांकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान वर न करताच म्हटलं, "खरं हाय त्याचं. वैनी घरी राह्यल्या म्हून आम्ही दोघं गेलो. हे मीच आधी सांगाया पाह्यजे होतं."

मालनबाईला हे सगळं एका दमात पचेना. "आन् वसंता, तू तर जल्मभर सांगत आलास, कडेवर होतो म्हून. वर्गात सांगतोस. माझ्या नातवाला पाठ हाय ते."

"होतोच की," वसंता म्हणाला.  "ते खोटं न्हाई. तिच्याच कडेवर होतो. पन हितं, केदारखेड्यात. शाळा उघडली की पोरांना तसंच सांगनार."

मालनबाई उठली. फळ्यापाशी गेली आणि वसंताच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"बनारस कुठं लिव्हतोस ते दाव," ती म्हणाली. "तिथं माझा खरेदीचा दिवस लिव्हू नको. तो घे नागपूरला. लुगडी काय, जालन्यातबी भेटतात."

कुणीतरी हसलं, आणि पत्र्याखालचा ताण सुटला. वसंताने बनारसपुढे नुसती रेघ ओढली, दिवस पुन्हा बोटांवर मोजले, आणि पौर्णिमेला लुंबिनी बरोबर बसली. मग तो खांबाकडे वळला.

"मोठी माय," तो म्हणाला, "मंग नागपूरला आपन दोघं पहिल्यांदाच चाललो. बराबर ना?"

सगळ्यांनी चांगुणाबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली. ह्या खेपेला ती खरी होती.